दुसऱ्या दाराचं कुलूप

हॉस्पिटलात दादाला चौथ्या मजल्यावर खाट मिळाली, तेव्हा त्याने मला पहिलं काम सांगितलं, "शोभा, दुसरा जिना कुठी आहे, पाहून ये." मी म्हटलं, "छाती तुझी दुखून राहिली, जिना काहून पाहिजे तुले?" तो म्हणाला, "मले नाही, बाकीच्यायले पाहिजे." त्या जिन्यात जुन्या गाद्या रचलेल्या होत्या. त्या मी हलवायला लावल्या, मगच तो झोपला. दोन दिवसांनी गेला... त्याला आता सहा आठवडे होतील.

दादा इथे रायपुरात, विद्यापीठात औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा शिकवायचा. पहिल्याच तासाला तो मुलांना डोळे मिटायला लावायचा. आग लागली आहे, बाहेर पडायचा दुसरा रस्ता हाताने दाखवा. सगळ्यांचे हात आल्या दाराकडेच जायचे. दुसरं दार फळ्याशेजारी होतं आणि त्याला कुलूप होतं. का, तर खुर्च्या चोरीला जातात. सुरक्षा शिकवायच्या वर्गात हे. दादा दर वर्षी अर्ज द्यायचा, प्रत फाइलला लावायचा. उत्तर एकदाही आलं नाही. "सर जरा सनकी आहेत," असं तिथल्याच एका बाईंनी मला हसत सांगितलं होतं.

शोकसभा त्याच वर्गात ठेवली. दादाचा फोटो टेबलावर, टेबल त्या बंद दाराला टेकवलेलं. त्यांची शिकवण आम्हाला सदैव वाट दाखवेल, असं विभागप्रमुख बोलले. मग मला उभं केलं. मी भाषण केलं नाही. म्हटलं, डोळे मिटा आणि दुसरा रस्ता दाखवा. भनपुरीच्या कारखान्यांतून ड्यूटी संपवून त्याचे जुने विद्यार्थी आले होते. त्यांचे हात एकदम फोटोच्या दिशेला गेले.

मी विचारलं, "चाबी किसके पास है?" प्रमुखांनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई खाली बघून म्हणाला, "दीदी, चाबी तो बरसों से गुम है."

इतकी वर्षं मुलं तिथे बसत होती... आणि किल्लीच नव्हती. विद्यार्थ्यांनी फोटो उचलून बाजूला ठेवला, टेबल सरकवलं. एकाने वर्कशॉपमधून हातोडा आणला. दार उघडल्यावरच मी हार घातला.

चौथ्या दिवशी विभागाचं पत्र आलं. विद्यापीठाच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. दादाच्या सगळ्या अर्जांना मिळून आलेलं हे पहिलं उत्तर. मी ते त्याच्या फाइलला, शेवटच्या अर्जावर लावलं आहे. कुलूपही तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी, त्याच्याच टेबलावर आहे. खुलाशात मी लिहिलं, हवं तर घेऊन जा. घराची दोन्ही दारं उघडी असतात.