पाठ टेकेपर्यंत

सत्तावीस एप्रिल, रविवार, सकाळ. मागणी एक लाख चौऱ्याऐंशी हजारांची. हजर आम्ही चौघं: मी, माझा दीर, माझ्या नवऱ्याला दिवसभर सांभाळणारा माणूस आणि त्याची बायको. त्या माणसाचा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बांधलेला. नवरा आतल्या खोलीत, बाहेरून कडी. तो दारावर धडका देत होता, म्हणून आम्हाला मोठ्याने बोलावं लागत होतं.

नवरा चोपन्न वर्षांचा आहे. तळेगावला एका कारखान्यात फिटर होता आणि मावळातल्या जत्रांमध्ये कुस्त्या खेळायचा. एक्कावन्नाव्या वर्षी उघडलेलं मशीन परत जोडता येईना. पुण्याच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. "एवढ्या लवकर?" मी विचारलं. "होतो कधी कधी," ते म्हणाले. त्याची नोकरी गेली. मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात हिशेब लिहायचे, पगार एकतीस हजार. त्यातले अठरा हजार सांभाळणाऱ्याला, साडेसहा हजार औषधांना. उरलं त्यात घर.

डोकं गेलं, अंगातली ताकद गेली नाही. अंघोळीला नेताना, कपडे बदलताना तो मारायचा. माझा पुढचा दात त्याच्या कोपराने पडला. एकदा केस धरून त्याने माझं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. कपाळाला चार टाके पडले. संध्याकाळी पट्टीला बोट लावून तोच म्हणाला, "कुणी मारलं गं तुला? नाव सांग फक्त."

सांभाळणारा लोहगडवाडीकडचा. एकदा झटापटीत तो उताणा पडला, तर नवऱ्याने त्याला लगेच सोडलं आणि एक हात वर केला. आखाड्यात समोरच्याची पाठ टेकली की कुस्ती संपते. बाकी सगळं पुसलं गेलं तरी तेवढं त्याच्या अंगात राहिलं होतं. तेव्हापासून त्याने धरलं की आम्ही दोघंही आधी पाठ टेकायचो. "वैनी, उताणं व्हायला लाज कसली? हाडं वाचत्यात," सांभाळणारा म्हणायचा. मी स्वयंपाकघरात, अंगणात, असेन तिथे आडवी व्हायचे.

दिराला हे सांगितलं होतं. वीस तारखेला तो आला तेव्हा नवरा नखं कापू देत नव्हता. "वहिनी, तुम्हीच त्याला आजारी करून ठेवलंय," दीर म्हणाला, आणि अंगणात जाऊन त्याने शड्डू ठोकला. "ये दादा, लावू एक!" नवरा उठला. तीन वर्षांत त्याचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. थोडा वेळ खेळ चालला. मग तो खेळ राहिला नाही. नवऱ्याने दिराच्या मानेला विळखा घातला आणि आवळत गेला. दिराचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"भाऊ, पडा! पाठ टेका!" सांभाळणारा ओरडला.

दीर पडला नाही. कुंपणापलीकडे शेजारी उभे होते. आमच्या घरात तालमीत घाम गाळलेला माणूस स्वतःच्या अंगणात आपण होऊन पाठ टेकत नाही. श्वास कोंडला तरी त्याने पाय रोवून ठेवले. शेवटी सांभाळणारा मध्ये घुसला. नवऱ्याने दिराला सोडलं, सांभाळणाऱ्याला उचललं आणि दगडी पायरीवर आदळलं. तो कुशीवर पडला. पाठ टेकली नव्हती, म्हणून नवरा त्याचा हात पिरगाळून त्याला उलथवत राहिला. आधी खांदा निखळल्याचा आवाज आला, मग हाड मोडल्याचा. मी नवऱ्याच्या पाठीत लाकडी पाट घातला, दोनदा. त्याला कळलंही नाही. माणूस उताणा झाला तेव्हाच त्याने सोडलं आणि हात वर करून शेजाऱ्यांकडे बघत हसला.

मागणी अशी होती: ऑपरेशन शहाण्णव हजार, चार महिन्यांचा पगार बहात्तर हजार, औषधं आणि गाडीभाडं सोळा हजार. मला मात्र एकच धास्ती होती, हा माणूस कामावर परत येणार की नाही. आधीचे दोघे पंधरा दिवसही टिकले नव्हते. हा आला नाही तर माझी नोकरी संपली.

"कुस्तीत हात मोडला तर भरपाई कोण मागतं?" दीर म्हणाला.

"कुस्ती तुमी लावली," सांभाळणाऱ्याची बायको म्हणाली. "आमचा माणूस आखाड्यात उतरलाच न्हवता. तुमाला पडायला काय झालतं? मिशीला माती लागली असती व्हय?"



"बेरीज बरोबर आहे," मी म्हणाले. मग त्या माणसाला विचारलं, "हात बसल्यावर याल ना?"

"पैलवानाचा काय दोष न्हाई, वैनी. बगू..."

"तुमी गप ऱ्हावा," बायको म्हणाली. "ताई, पैसे द्या, माणूस न्हाई मिळायचा. एक हात ऱ्हायलाय त्येचा. त्येचे किती देनार?"

आतून जोराची धडक बसली आणि कडीचा एक स्क्रू उडून तिच्या पायाशी पडला. ती उठून उभी राहिली.

दिराने एक लाख घातले, मोटारसायकल विकून आणि थोडे उसने घेऊन. चौऱ्याऐंशी हजार माझ्या बांगड्यांचे. सहा मे रोजी एक लाख चौऱ्याऐंशी हजार त्या बाईच्या हातात मोजून दिले. महिनाभर आधी न कळवता मी नोकरी सोडली म्हणून एकतीस हजार हॉटेलच्या मालकाला भरले.