मालुस, माला, मालुम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे वालाचं बिरडं सोलणं. गडबच्या घरी, दुपारी, ओटीवर बसून. मी नुकताच रोह्याहून तिच्या मानेच्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आलो होतो. अंगात तापही असायचा तिच्या. डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं — मॅलिग्नंट आहे, कॅन्सर, लगेच मुंबईला न्या, अजून वेळ आहे. मी चौथी शिकलेला. पण एवढं कळायला शाळा लागते का?

तिनं विचारलं, "नाव काय बोलला डागदर?"

मी तोंड उघडलं. मॅलि— एवढंच निघालं. पुढं जीभ वळली.

"मलेरिया हाय गो."

"मग तोंड कशाला पाडलं? मला वाटलं, दुसरी बायको बघा बोलला." हसली, आणि वालाची सालं माझ्या अंगावर उडवली.

तीन महिन्यांनी मुलीनं तिला मुंबईला नेलं. तिथले म्हणाले, उशीर झाला. मी तिथंच उभा होतो.

ती गेली. मी मनाशी म्हणत राहिलो — जीभ घसरली, शब्दच सारखे. तेराव्यानंतर पेणच्या एका म्हाताऱ्या मास्तरांना विचारलं, हे दोन शब्द एका घरातले का? कशाला विचारतोय ते लपवलं. मास्तर खुश झाले. म्हणाले, जुन्या लॅटिन भाषेत मालुस म्हणजे वाईट. इटलीवाल्यांनी त्याला आरिया, म्हणजे हवा, जोडली, मलेरिया झाला. मॅलिग्नंट त्याच घरचा. फ्रान्सात अजून दुखण्याला माल म्हणतात. आपलं 'वाईट' सगळ्यांना एकच, त्यांचं बदलतं — बाप्याला मालुस, बाईला माला, आणि नपुंसकलिंगी असलं की मालुम.

मालूम. ते लॅटिन सांगत होते. मला दुसरंच ऐकू आलं. मालूम तर होतंच की मला. पहिल्या दिवसापासून.

जीभ घसरली म्हणे. दुपारी घसरली असेल — पण दुसऱ्या दिवशी सकाळी? सकाळी मी एसटीनं पेणला गेलो, मेडिकलमधून मलेरियाच्या गोळ्या मागून आणल्या, आणि पहिली गोळी माझ्या हातानं तिच्या तळहातावर ठेवली. खाल्ल्याशिवाय घेऊ नको, असं बजावलं. तिनं आधी अर्धी भाकरी खाल्ली. मग घेतली.