शेपटीची तुकडी आणि फिलेट

सगळीकडे फिलेट लिही, असं संपादकबाईंनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. लोअर परळच्या त्यांच्या ऑफिसात शनिवारची दुपार होती. माझ्यापुढचा चहा केव्हाच थंड झाला होता.

"मॅडम, मूळ पोर्तुगीजमधला पोश्ता म्हणजे बिनकाट्याचं फिलेट नाही," मी म्हटलं. "ती आडवी कापलेली जाड तुकडी. मधे काटा असतो. आपण सुरमई कापून घेतो ना, तशी."

"त्याला इंग्रजीत स्टेक म्हणतात. आणि स्टेक वाचलं की इथला माणूस बीफ समजतो. फिलेट म्हण आणि मोकळी हो."

"स्लाइस म्हणते. लालबागच्या बाजारातल्या मासेवाल्या मावशीसुद्धा स्लाइस म्हणतात."

"आपलं पुस्तक त्यांच्यासाठी नाहीये गं."

हे वाक्य मला झोंबलं, कारण पुस्तक मुळात त्यांच्यासारख्यांचंच होतं. पोर्तुगालमधल्या एका बंदरात मासे डबाबंद करणारा कारखाना होता. तिथल्या बायकांचा संप लांबला, तेव्हा त्यांनी एकत्र चूल पेटवली आणि रोजचं कालवण कसं केलं ते एकपानी पत्रकांवर छापून वाटलं. ती पत्रकं पुढे कोणीतरी एकत्र बांधली. मी हे इंग्रजी अनुवादाचं काम घेतलं ते त्या पत्रकांपायी. बाबा युनियनचं काम करायचे. आमच्या लालबागच्या खोलीत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी पहिलं अक्षर ओळखलं तेही एका गेटसभेच्या पत्रकावर. दादरच्या संध्याकाळच्या वर्गात पोर्तुगीज शिकले तेव्हा नातेवाईक हसले होते. आता माझं नाव असलेलं पहिलं पुस्तक येणार होतं.

त्या बायकांच्या चुलीचा एक नियम होता. आज जिच्या ताटात शेपटी, तिला उद्या मधली तुकडी. पाळीपाळीने. भिंतीवर तक्ता लावलेला असायचा. सगळ्या तुकड्यांना फिलेट म्हटलं तर पाळी कसली आणि तक्ता कसला? संप जातो आणि नुसता मासा उरतो.

मी हे सगळं संपादकबाईंना सांगितलं, बहुधा जरा मोठ्याने. पलीकडच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघायला लागला.

"शेपटी कोण खातं?" त्या म्हणाल्या. "तिचा फोटो काय काढायचा?"

मग त्यांनी शांतपणे एक पान पुढे केलं. "आणि हा मूळचा शब्द, लोंबू. आजाऱ्याला आणि लहान मुलाला लोंबू द्या, असं आहे. तू लिहिलंयस मधली तुकडी, काट्यासकट. आपल्या पाककृती करून बघणाऱ्या बाईंनी वरळीला घरी तशीच केली. त्यांच्या मुलीच्या घशात काटा अडकला. कोरड्या भाताचे गोळे गिळवून निघाला. सगळे शब्द तुलाच कळतात ना? बुधवारपर्यंत सांग. फिलेट करायचं, की दुसरं कोणीतरी बघू."

मी लोंबू कोशात बघितलाच नव्हता. आमच्या घरी तापातून उठलेल्याला मधली तुकडी मिळते, पाहुण्यालाही तीच. मानाची तुकडी दुसरी कुठली असणार, असं धरून मी पुढे गेले होते.

रविवारी सकाळी आई विळीवर सुरमई घेऊन बसली होती. मी तिला विचारलं, आजाऱ्याला कुठला भाग द्यायचा?

"पाठीचो," ती म्हणाली. कण्याच्या वरच्या बाजूने तिने विळीवर मासा ओढला आणि जाड, बिनकाट्याचा पट्टा बाजूला काढून दाखवला. "ह्यो. आजाऱ्याक काटो कोण वाढता गो?"

"पण तू मला मधली वाढायचीस. तापातसुद्धा."

"काटो काढून वाढी. अजून काढतंय. तुका दिसूक नाय?"

नव्हतं दिसलं. कामावर जाणारी बाई मी, कालपर्यंत लोकांना पाळीपाळीचा नियम समजावत होते, आणि माझ्या ताटातले काटे आई काढत होती. स्वतः ती शेपटी घ्यायची. शेपटी तिला आवडते असं आम्ही घरात सगळे म्हणायचो. तिला कोणी विचारलं होतं की नाही, आठवत नाही.

त्याच दुपारी मी संपादकबाईंना लिहिलं. लोंबू माझी चूक आहे, तो पाठीचा बिनकाट्याचा भाग, आणि वरळीच्या बाईंची व त्यांच्या मुलीची मी माफी मागते. पोश्ता स्लाइसच राहील. शेपटीला शेपटीच म्हटलं जाईल आणि पाळीचा नियम पहिल्या पानावर येईल. हे जमत नसेल तर पुस्तकावरून माझं नाव काढा. शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं. नाव जाऊ नये असं मला फार वाटत होतं. तरी ते वाक्य ठेवलं.

बुधवारी रात्री उत्तर आलं. लोंबू दुरुस्त केला हे बरं झालं. स्लाइस चालेल. शेपटी ठेव, पण फोटो नाही. आणि नियम पहिल्या पानावर नको, सतराव्या पानावर, चौकटीत.

सतराव्या पानावर. मी फोन आपटणार होते, तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. बुधवार, म्हणून मासे होते.

मी पातेल्यातून शेपटी माझ्या ताटात घेतली आणि मधली तुकडी आईला वाढली.

"ठेव ती. तुका जमाचा नाय."

"जमेल."

जमलं नाही. शेपटीला बारीक काटे किती असतात हे मला पानंच्या पानं अनुवाद करूनही माहीत नव्हतं. मी घासाघासाला थांबत होते. बाबांनी कोरडा भात माझ्याकडे सरकवला. आईने स्वतःच्या ताटातली मधली तुकडी सोलली, काटे बाजूला ठेवले आणि अर्धी माझ्या ताटात टाकली. मी ती परत तिच्या ताटात ठेवली. तिने पुन्हा माझ्या.

"आजपासून पाळी," मी म्हटलं. "शुक्रवारी शेपटी बाबांना."

बाबांनी आमटीचा भुरका मारला.

"पत्रक काढ," ते म्हणाले.