ओला सांधा

संतांना दटावणारी बाई म्हणून रंगारीणबाईची ख्याती होती. नवरा मिस्त्री. चर्चमधून आलेल्या मोडक्या मूर्ती तो प्लास्टरने सांधायचा आणि ही त्या रंगवायची. कुणाचं नाक उडालेलं, कुणाची बोटं गायब. "जरा जपून राहायला काय होतं?" असं सुनावल्याशिवाय तिचा ब्रश म्हणून चालायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा मासेमारीच्या होडीवर गेला, तो गेलाच. होडी सापडली, तो सापडला नाही. तेव्हापासून तिची बडबड बंद झाली. ती रडलीसुद्धा नाही. शेजारणी म्हणाल्या, बाईच्या काळजाचा दगड झालाय. बोलायला त्यांचं काय जात होतं!

अशात दुःखी मातेची मूर्ती दुरुस्तीला आली. मरीया, आणि तिच्या मांडीवर क्रुसावरून उतरवलेला येशू. येशूचा खांदा निखळला होता. ही मूर्ती दोन भागांत घडवून खुंटीने जोडलेली असते. मिस्त्रीने खुंटी काढून मुलाला बाजूला घेतलं आणि आई रिकामी मांडी घेऊन खिडकीपाशी बसून राहिली. फादरना मूर्ती शुक्रवारी हवी होती. रंगारीणबाई रोज त्या आईचा चेहरा रंगवायला बसायची आणि ब्रश न टेकवताच उठायची.

शेवटी तिने मिस्त्रीला सांगून टाकलं, हे काम परत पाठवा. त्याने कारण विचारलं.

"मला हिचा हेवा वाटतो," ती म्हणाली. "हिला निदान मांडीवर तरी मिळाला."

मिस्त्री बोलण्यात आधीच कच्चा. त्याने प्लास्टर कालवलं, खांद्याला भरलं, हात जागेवर दाबून पट्टी बांधली. ओला सांधा हलू नये म्हणून मूर्ती एरवी वाळूच्या पेटीत निजवायची, पण पेटीत मान मोडलेले एक संत आधीच ऐसपैस पहुडले होते. फरशीवर ठेवावी तर खांदा सरकणार. मूर्ती हातात धरून तो नुसताच उभा राहिला.

"द्या इकडे," म्हणत ती स्टुलावर बसली.

येशू तीन वर्षांच्या पोराएवढाच होता, पण चांगलाच जड. तिने मानेखाली हात घातला, पाय मांडीवर नीट घेतले. घोट्यावर धूळ होती, ती बाहीने पुसली. पुसता पुसता हात थांबला.

"जरा जपून राहायला काय होतं रे?" ती म्हणाली, आणि दोन वर्षांचं रडू तिला एकदम आलं. मूर्ती घट्ट धरून ती पोटभर रडली. मिस्त्री शेजारी फरशीवर येऊन बसला.

बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं. सांधा सुकला असेल, आता उचला, असं ती म्हणाली.

मिस्त्रीने खांद्यावर अंगठा दाबून पाहिला. प्लास्टर केव्हाच टणक झालं होतं.

"अजून ओलं आहे," तो म्हणाला. "बस थोडा वेळ."