न दुखणारा गुडघा

माझी एक खोड आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय मला कळतच नाही की ते बरं उतरलंय का वाईट. समोर कुणीतरी लागतं.

ही सवय ह्यांनी लावली. आमचे हे साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर होते. पाळी सुटून घरी आले की ते जेवायला बसायचे आणि मी सांगायला. कुणाची म्हैस कुणाच्या रानात शिरली, मग ही काय बोलली, मग ती काय बोलली, दोघींचे आवाज काढून सगळं. ह्यांची मान ताटात. पण मी दम घ्यायला थांबले की म्हणायचे, "मग?" बस, एवढंच. एवढ्या एका शब्दावर मी सगळा संसार बोलून काढला.

हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. घर आहे भरलेलं. मुलगा, सून, दोन नातवंडं, शिवाय येणारे-जाणारे. खोटं कशाला बोलू, सगळी मायाळू आहेत. पण "मग?" म्हणायला कुणाला सवड नाही.

फिल्मचं लिहिणं माझ्या गळ्यात पडलं ते एका लग्नात. दोन विहिणी मानापानावरून कशा भांडल्या ते मी बायकांना करून दाखवत होते, आणि मागं एक पोरगा मोबाइल धरून उभा. आमच्या भाचीच्या लेकाचा दोस्त, पुण्यात छोट्या छोट्या फिल्म करणारा. म्हणाला, "काकू, मला असं लिहून द्याल का?" मला वाटलं, चेष्टा करतोय. पण खरंच लिहून घेतलं त्यानं. आधी नुसतं बोलणं, मग अख्खे सीन. मी कागदावर लिहिते, फोटो काढते आणि पाठवते. सुरुवातीला कागदाऐवजी माझ्या अंगठ्याचाच फोटो जायचा. तो बिचारा म्हणायचा, "काकू, अंगठा छान आलाय, सीन पाठवा."

लिहायचं कधी, हे मात्र विचारू नका. दूध तापत ठेवून बसावं तर दूध उतू जातं आणि सीनही. बारसं झालं, जावळ आलं, ते झालं की कुणाला तरी दवाखान्यात भेटायला जायचं असतं. एक सीन तर मी मयताच्या घरी भिंतीला टेकून मनात लिहिलाय. बायका म्हणाल्या, किती जीव लागला हो हिला. लागला होता, पण निम्मा सीनमधल्या बाईला.

यंदा त्यानं मला पहिल्यांदाच पूर्ण फिल्म दिली. भरल्या घरात एकटी पडलेली म्हातारी. विषय ऐकला आणि म्हटलं, हे तर आपल्या हातचं काम. सगळं झालं भराभर, शेवटचा सीन तेवढा अडला. मी लिहिलं होतं, 'ती खिडकीत उभी आहे. तिला फार एकटं वाटतंय.'

त्याचा फोन आला. "काकू, वाटतंय ते कॅमेऱ्याला कसं दिसणार?"

"मग काय दिसतं तुझ्या कॅमेऱ्याला?"

"हात दिसतात, पाय दिसतात. माणूस काय करतं ते दिसतं. मन न्हाय दिसत."

मग मी तिला रडवली. तेही त्याला नको. "रडली की बघणाऱ्याला वाटतं, चला, रडली, मोकळी झाली. मोकळी नाही करायची तिला." पोरगं वयानं लहान, पण बोलला ते खरं होतं. शेवटी चाचरत म्हणाला, "येडशीकडं शूटिंग ठरलंय, काकू. परवा सकाळपर्यंत आला सीन तर ठीक. न्हायतर इथला एकजण लिहून देतो म्हणालाय. नाव तुमचंच राहील."

नाव माझं आणि शेवट परक्याचा. म्हणजे लेकरू आपण वाढवायचं आणि लग्नाच्या वेळेला आपल्याला मांडवाबाहेर बसवायचं.

आणि उद्या होती येळवस. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे रानात. ज्वारीत कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची आणि भज्जी, बाजरीच्या पिठाचे उंडे, आंबील पोट फुटेस्तोवर खायची. दिसेल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. पूजा घरातल्या थोरल्या बाईनं करायची, म्हणजे मी.

सकाळी भाज्या एकत्र शिजवून भज्जी केली, आंबील घाटली, टोपल्या भरल्या आणि मुलाला सांगितलं, "मी येत न्हाय. मला लिहायचंय."

तो ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत होता, थांबला. "आई, येळवशीला घरी कोण बसतं का? आजारी न्हायतर सुतकातलं बसतं."

"मला सीन द्यायचाय उद्या सकाळी."

"मग रानात लिही की. झाडाखाली बस निवांत."

"निवांत? तिथं पन्नास माणसं येणार जेवायला."

"उद्या पहाटे लिही."

सून टोपलीवर घोंगडी टाकत होती. शेवटी मुलगा म्हणाला, "बरं, तुझी मर्जी," आणि ट्रॉली निघाली. नातवानं तेवढा लांबूनसुद्धा हात हलवला.

घराला कधी नव्हे ते माणूस नव्हतं. म्हटलं, आता बघा. ओसरीवर चटई टाकली, पॅड मांडीवर घेतलं. अन् काय सांगू, एक शब्द सुचेना. रोज ज्याच्यावर मी चिडते ते सगळं त्या दिवशी नव्हतं. कुकर नाही, टीव्ही नाही, "आज्जी, हिनं मारलं" नाही. शेजारच्या घराला कडी, त्याच्या शेजारच्याला कुलूप. हापशावर एक कुत्रं झोपलं होतं, तेही गाव सोडून गेल्यासारखं. मी तीन-चारदा उगाच उठून चुलीकडं जाऊन आले. एकदा मोठ्यानं म्हटलं, "सीन शेवटचा," आणि थांबले. तेव्हा मला कळलं, मी कशाला थांबलेय ते.

फोन वाजला. रानातून नणंद. ती दरवर्षी येळवशीला माहेरी येते, आणि बोलते अशी की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"वहिनी, गुडघा कसाय?"

"कुणाचा?"

"तुमचा की! चालताच येईना म्हणं. सूनबाईनं सांगितलं. निरगुडीचा पाला बांधा ऊन करून."

मी म्हटलं, "बांधते."

थोड्या वेळानं विहीणबाईंचा फोन, गुडघा कसाय. मग पलीकडच्या वस्तीवरच्या एका ओळखीच्या बाईचा, ती म्हणाली उमरग्याला एक डॉक्टर आहे, हात लावला की कळतं त्याला. मी सगळ्यांना सांगितलं, आता बरं आहे. दुखत नव्हता त्याला बरं म्हणायला काय जातंय! पण एवढ्या सगळ्यांनी विचारपूस केली आणि काय लिहिलं, हे एकानंही विचारलं नाही. कसं विचारतील? त्यांना सांगितलंच नव्हतं कुणी.

दिवस मावळायला ट्रॉली परत आली. सगळी उन्हानं रापलेली, पोटं तट्ट, कुणीतरी खोपेत शिरताना पडलं होतं त्यावर अजून हसत होती. मला ते कळायला मार्ग नव्हता, मी आपली त्यांच्याबरोबर थोडं हसले. नणंद उतरली ती थेट माझ्याकडं. मागून सून घाईनं आत आली आणि माझ्या कानाशी वाकली. "आत्याबाई, रागावू नका. काय सांगू लोकांना? लिहीत बसल्यात म्हणून? घरात भांडण झालं, सासूला घरी ठेवून आले, असं म्हणले असते सगळे."

तिचं खरं होतं. असंच म्हणाले असते.

"बघू गुडघा," नणंद म्हणाली. "कोणता?"

"उजवा," सून म्हणाली, आणि त्याच वेळेला मी डावा पाय पुढं केला.

नणंदेनं दोघींकडं पाहिलं. सून म्हणाली, "दोन्ही. पण आज डावा जास्त हाय."

"मग तेल लाव की पोरी. कोमट कर आणि चोळ चांगलं."

सूनबाईनं तेल आणलं. माझ्या पायाशी बसली. दिवसभर पन्नास माणसांना वाढून आलेली ती, कपाळावर घाम तसाच. पण हात मऊ. हे गेल्यापासून माझ्या अंगाला असा हात कुणी लावला नव्हता. नणंद बोलत होती, भज्जी काय झाली होती, आंबील कुणी किती प्याली, पूजा सूनबाईनं किती नेटकी केली. "तुमची उणीव भासू दिली न्हाय हो पोरीनं," म्हणाली. कौतुकानंच म्हणाली.

न दुखणाऱ्या गुडघ्याला तेल लागत होतं आणि मी "हां, तिथंच, तिथंच" म्हणत होते. गंमत म्हणजे हसू येत नव्हतं.

नणंदेला न्यायला तिचा मुलगा गाडी घेऊन आला. ती उठली, दारापर्यंत बोलत गेली, गाडीत बसूनही बोलली. गाडी वळली. सूनबाईचा हात त्याच क्षणी थांबला. तिनं पदराला हात पुसला, तेलाची वाटी उचलली, "भांडी पडल्यात सगळी," म्हणाली आणि आत गेली. अर्ध्या गुडघ्याला तेल लागलं होतं, अर्धा कोरडा. दोष तिचा नव्हता. बघणारं माणूस गेलं, मग चोळायचं कुणासाठी?

मी मात्र पाय ओढून घेतला नाही. किती वेळ तसाच पुढं होता कुणास ठाऊक. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग मी पाय तसाच ठेवून, बाजूचं पॅड ओढलं.

'घर. ओसरी. संध्याकाळ. पाहुणी बाई बोलते आहे. सून म्हातारीच्या गुडघ्याला तेल लावते आहे. पाहुणी जाते. सून उठून जाते. म्हातारीचा पाय तसाच लांब. दिवा लागतो. पाय तसाच.'

एवढंच. 'वाटतंय' कुठंच नाही. फोटो काढला, अंगठा येऊ दिला नाही, आणि पाठवला.

सकाळी त्याचा फोन आला. "काकू, तुमच्या तोंडून ऐकायचाय. वाचा." मी वाचला. पलीकडं काही नाही. "हायस का?" म्हटलं. काही नाही. मला वाटलं, गेलं सगळं. मग खाडकन आवाज, "सॉरी काकू, म्यूटवर होतो. गाडीत लई गोंगाट हाय. राहू द्या हे असंच. एक अक्षर हलवत न्हाय. ठेवतो, कॅमेरावाला आलाय."

फोन ठेवला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगा रानात, पोरं शाळेत. सून चुलीपाशी मेथी निवडत होती, तिच्यासमोर जाऊन बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

"पास झाला माझा सीन," म्हटलं.

"बरं झालं. देठं जास्त नका घेऊ, कडू लागते." थोडी पानं तिनं खुडली. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "त्यात कोण कोण हाय?"

"एक म्हातारी. एक सून."

"सून काय करते?"

"तेल लावते. गुडघ्याला."

तिचे हात थांबले. काल पाहुणी गेल्यावर थांबले होते तसे नाही. मेथीची काडी बोटांत तशीच.

"मग?" ती म्हणाली.

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर दूधवाल्यानं हॉर्न मारला. ती पातेलं घेऊन पळाली. तिकडून तशीच धुणं वाळत घालायला गेली, मग तिच्या माहेरचा फोन आला. मी जुडी निवडून पुरी केली, देठं बाजूला काढली आणि दुसरी घेतली. ती परत आली तर सांगावं म्हणून तिथंच बसून होते.