भिंगाखाली उषाबाईचा हात

धावड्यात भावनाला आधी 'उषाबाईची पोरगी' म्हणत, मग 'कंपनीतली मॅडम' म्हणू लागले. गेल्या वर्षभरात मात्र तिसरंच काहीतरी गावाच्या कानावर आलं आणि ते गावाला काही केल्या पचेना. ही पोरगी म्हणे रोज पहाटे साडेपाचला कॉम्प्युटर उघडून गेम बनवते, आणि ती बनवत असताना कुठकुठली माणसं तिला मोबाइलवर लाइव्ह बघत बसतात. गेम खेळताना बघणं एक वेळ समजू शकतं. बनवताना काय बघायचं? पारावर यावर बरीच चर्चा झाली. खरं तर कुणाच्या विहिरीचं काम निघालं की हीच मंडळी तास तास काठावर उभी राहून खालच्यांना सूचना करतात, पण ते कुणी त्यांच्या लक्षात आणून दिलं नाही.

भावना सव्वीस वर्षांची. बारावीनंतर शेतीचा डिप्लोमा केला आणि भोकरदनच्या रस्त्यावर एका बियाणे कंपनीच्या तपासणी केंद्रात लागली. दहा ते सहा, आठवड्याचे सहा दिवस. कंपनीसाठी बियाण्याचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्यांकडून आलेलं संकरित बी थोडं थोडं पेरायचं, रोपं वाढवायची, मग एकेका रोपाजवळ उकिडवं बसून ते खऱ्या जातीचं आहे की नाही ते ठरवायचं. अहवालाखाली सही तिची. गेम बनवायला ती व्हिडिओ बघून बघून शिकली, आणि लाइव्ह सुरू केलं ते निव्वळ स्वतःला धाक म्हणून. कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की अंथरूण सोडावंच लागतं. पहिले दोन महिने बघणारा एकच होता, आणि तो तिचाच दुसरा मोबाइल होता. मग चार झाले. मग चाळीस झाले. नागपूरची एक कॉलेजातली मुलगी, बेळगावचे एक निवृत्त मास्तर, आणि कशासाठी कोण जाणे, ब्राझीलचा एक बाप्या.

गेमचं नाव 'कळी'. त्यात बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. मिरचीचं शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव आहे आणि सकाळची वेळ आहे. मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्यानं पाकळ्या बाजूला सारायच्या. आतले पाच-सहा पुंकेसर, ज्यांना इथल्या बाया सरळ 'नर' म्हणतात, एकेक करून काढायचे. मधल्या दांड्याला धक्का लावायचा नाही. मग त्याच दांड्याला दुसऱ्या जातीचे पराग लावून देठाला धागा बांधायचा. एक जरी नर आत राहिला तरी फूल स्वतःच्याच परागानं फळतं, आणि त्या मिरचीतलं बी कामातून जातं. पुढं बी काढताना धाग्याची मिरची घ्यायची, बिनधाग्याची फेकून द्यायची. कळी उघडून आत काय केलंय ते नंतर कुणालाच बघता येत नाही. त्यामुळे धागा म्हणजे बांधणारीचा शब्द, आणि सगळा धंदा त्या शब्दावर चालतो.

हे सगळं भावनानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. आईच्या पदराला धरून ती या शेडनेटांत वाढली. उषाबाईनं बावीस वर्षं हेच काम केलं. नवरा गेल्यावर त्या चिमट्यावरच तिनं पोरगी शिकवली. तिच्या हाताचं नाव तीन गावांत होतं. प्लॉट ठरला की मालक आधी उषाबाईला विचारायचा, मग बाकीच्या बाया ठरायच्या. कुणाला घ्यायचं नि कुणाला नको, यात तिचा शब्द शेवटचा.

मागच्या साली काकासाहेबांच्या प्लॉटचं बी तपासणीत नापास झालं. काकासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात शिस्तीचे प्लॉटवाले, त्यांचं बी कधी मागं आलं नव्हतं. भावनानंच रोपं मोजली होती. चारशेत एकेचाळीस भलत्याच जातीची. ती तीनदा मोजून आली, आकडा हलला नाही, तिनं सही केली. बी सगळं एकत्र मळलेलं, त्यामुळे दोष कुणाच्या ओळीतला हे कळायला मार्ग नव्हता. काकासाहेबांनी उषाबाईला विचारलं, कुणाचा हात? आणि उषाबाई म्हणाली, "मीना नवी हाये. घाई करती." एवढंच. मीना, पलीकडच्या गल्लीतली, लग्न होऊन आलेली, कामाचं दुसरंच वर्ष. त्यानंतर तिला एकाही प्लॉटवर कुणी बोलावलं नाही. भावनालाही यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट गेममध्ये तिनं एक नवी कामवाली घातली, जिच्या ओळीत घाईमुळे दर दहातली एक कळी फसते. बघणाऱ्यांना ती फार आवडली. तिच्यावर हसायला मिळायचं ना!

तर त्या रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सातला भावनानं आईला कॅमेऱ्यासमोर बसवलं. गेममध्ये चिमट्याची हालचाल काही केल्या खरी दिसत नव्हती आणि बघणाऱ्यांनी महिनाभर धोशा लावला होता की खरा हात दाखवा. तिनं मोबाइलला लावायचं भिंग मागवलं होतं. अंगणात डब्यात लावलेल्या मिरचीच्या कळ्या तोडून ताटलीत ठेवल्या. भिंगाखाली मिरचीची कळी पडद्यावर वाटीएवढी दिसू लागली तेव्हा भावनालाच मौज वाटली. बघणारे साठ झाले.

उषाबाईनं पदर खोचला, चिमटा घेतला आणि रुबाबात पहिली कळी फोडली. "एक, दोन, तीन, चार, पाच. झालं साफ." गाठ मारली. गाठ अशी, की बेळगावच्या मास्तरांनी लिहिलं, वा!

खाली नागपूरच्या मुलीनं लिहिलं, ताई, तीन आतच आहेत.

भावनानं पडद्याकडं पाहिलं. तीन निळसर नर कळीत जिथल्या तिथं उभे होते. ती हसली. "आई, मुद्दाम ठेवलेस ना? चुकीचं कसं दिसतं ते दाखवायला?"

"मी कशाला मुद्दाम ठेवू?" उषाबाईनं दुसरी कळी घेतली. पुन्हा मोजलं, पुन्हा साफ म्हणाली. दुसऱ्या कळीत चार राहिले होते आणि मधला दांडा मोडून पडला होता. तिसऱ्या कळीत चिमटा नुसता पाकळीला लागून परत आला. एकही नर निघाला नव्हता. तरी आकडे पाचपर्यंत गेले आणि देठाला सुरेख गाठ बसली.

 समोरच्या पडद्यावर जे दिसत होतं ते भावनाच्या डोळ्यांना मान्य होईना. हा तोच हात होता, ज्याची नक्कल करून तिनं अख्खा गेम बांधला होता. चारशेत एकेचाळीस, हा आकडा कुणी कानात ओरडावं तसा तिला आठवला.

"आई," ती म्हणाली, "तुला आतलं दिसतंय का?"

"उजेड बराबर न्हाई इथं."

"आई, दारात ऊन आहे. दिसतंय का?"

उषाबाईनं चिमटा ताटलीत ठेवला.  मग हळूच म्हणाली, "कळी दिसती. आतलं न्हाई दिसत. धुकं आल्यावानी दिसतं."

"कधीपासून?"

"दोन साल झाले."

"दोन साल? आणि तू कामावर जातेस? बोलली का नाहीस?"

"काय बोलू? आंधळीला कोण कामाला घेतं? अन् बाया काय म्हणतील, उषाबाई सरली. मला वाटलं हाताला सवय हाये, हात बराबर करून राह्यला."

"मग काकासाहेबांचा प्लॉट..." भावनानं वाक्य मध्येच सोडून सरळ विचारलं. "मीनाचं नाव घेतलंस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

ती नाही म्हणेल अशी भावनाची खात्री होती. लेकीला आईबद्दल असते तशी खात्री.

"व्हतं," उषाबाई म्हणाली. "काकासाहेब समोर उभे. समद्या बाया बघून राह्यल्या. माझ्या तोंडातून तिचंच नाव निघून गेलं. एकदा निघाल्यावर मंग वापस कसं घेऊ?"

 आई खोटं बोलते हे भावनाला माहीत होतं, सगळ्यांच्याच आया बोलतात, मी जेवले म्हणतात, दुखत नाही म्हणतात. पण ही बाई दुसरीची रोजी हिसकावून दीड वर्ष रोज भाकरी खात होती आणि सकाळी लेकीला चहा देत होती, हे तिला झेपेना. तिला आईचा राग आला. मग त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण दोन वर्षं शेजारी झोपून आईचे डोळे गेलेले तिला कळले नव्हते. परक्या मुलीनं नागपुरात बसून सांगावं लागलं.

आणि तेव्हा तिला आठवलं की माइक चालू आहे.

पडद्याच्या कडेला एकही नवी ओळ येत नव्हती. एरवी हात चालो न चालो, तोंड चालवणारी माणसं सगळी गप्प होती. बघणारे साठच्या साठ तिथंच होते. भावनाचा हात बंद करायच्या बटणाकडं गेला. बंद करायचं, रेकॉर्डिंग पुसायचं, आई गावात पहिल्यासारखी उषाबाई राहते. कुणाला काय कळतंय? ही माणसं लांबची.

तेवढ्यात एक ओळ आली. 'पाखरू' नावाचं ते खातं भावनाच्या ओळखीचं होतं. आठ महिने रोज हजर, एक दिवस खाडा नाही, पण कधी अवाक्षर लिहिलं नव्हतं.

भावनाताई, मी मीना.

मग दुसरी ओळ, सावकाश, टाइप करायची सवय नसलेल्या बोटांची: मला वाटलं माझाच हात वाईट हाये. कुठं चुकलं ते कळावं म्हणून तुमचा गेम बघती रोज. ती नवी बाई मीच ना?

 दर दहातली एक कळी. आठ महिने रोज पहाटे पलीकडच्या गल्लीत मीना ते बघत होती आणि स्वतःची चूक शोधत होती, जी तिनं केलीच नव्हती. आणि बघणारी माणसं हसत होती. आणि ते भावनानं स्वतःच्या हातानं बनवलं होतं.

"काय लिवलं?" उषाबाईनं विचारलं. तिला अक्षरं दिसत नव्हती.

भावनानं वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाच."

तिनं पुन्हा वाचलं.   उषाबाई भिंतीचा आधार घेऊन नीट बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बंद करू नको," ती म्हणाली. "ते भिंग काढ अन् कॅमेरा माझ्या तोंडाकं कर."

"आई, सगळं गाव बघेल. काकासाहेब बघतील. पुन्हा कुणी कामाला..."

"कर म्हणते ना."

भावनानं भिंग काढलं आणि मोबाइल वळवला. उषाबाईला कुठं बघायचं ते कळेना. ती मोबाइलच्या जरा डावीकडं बघत बोलली. "मी उषाबाई, धावड्याची. काकासाहेबाच्या प्लॉटवरचे खोटे धागे माझे हायेत. मला दिसत नव्हतं अन् मी सांगितलं न्हाई. मीनाचा हात बिलकुल बराबर हाये. मी तिचं नाव खोटं घेतलं." ती थांबली. हात जोडावेत की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं, ते मांडीवर नुसतेच अर्धे उचलले गेले. "मीना, तू मला माफ कर असं मी म्हणत न्हाई. फकस्त कामावर जा. उद्या जा. कुणी इचारलं तर हे दाखव."

 दोन मिनिटं गेली, तीन गेली.

"ती काय म्हणती?" उषाबाईनं विचारलं.

भावनानं पडद्यावर नजर ठेवून सांगितलं, "काही नाही म्हणत. पण गेली नाही, आहे. बघतेय."

"बघू दे," उषाबाई म्हणाली, आणि मोबाइलच्या डावीकडं बघत तशीच बसून राहिली.