दोन्ही हात डोक्यावर

त्या रविवारी माझी सर्व्हिस कप्तानाच्या डोक्याला लागली आणि संघात मला ‘तू’ म्हणू लागले.

त्याआधी सहा महिने मी ‘सर’ होतो. कोठी भागातल्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो आणि रविवारी सकाळी तारनाक्याच्या मैदानाकडेला पुस्तक घेऊन बसायचो. समोर व्हॉलीबॉल चालायचा. लोक पक्क्या नोकऱ्या सोडू लागले होते ते दिवस. संघातला एक जण असाच एका कॉम्प्युटर कंपनीत गेला, आणि त्या कंपनीला रविवार नव्हता. पाच जण उरले. कप्तान रेल्वेत होता. घरची मराठी, तोंडात निम्मी दखनी उर्दू. तो माझ्यापाशी येऊन अदबीने म्हणाला, सर, तुम्ही नुसते उभे राहा, बाकी आम्ही बघून घेतो.

मी उभा राहिलो. चेंडू माझ्या दोन हातांमधून जात राहिला.

चूक झाली की त्या संघात माणसाची सालं काढत. आमच्यातल्या जाड्याचा स्मॅश हुकला की डास मेला का, अशी चौकशी होई. सचिवालयातल्या कारकुनाने चेंडू सोडला तर त्याला विचारत, उद्या या म्हणालास का त्याला? दोघेही उलट दुप्पट सुनवायचे. माझ्या चुकीवर मात्र सगळे एका सुरात म्हणत, ‘हरकत नाही, सर.’ एकदा मी समोर आलेला चेंडू मुद्दाम सोडला. कप्तान म्हणाला, वारा होता, सर. मैदानाकडेच्या कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. घरी परतताना मी बसमध्ये ठरवलं की महिनाभरात कुणी शिवी दिली नाही, तर पुन्हा पुस्तक घेऊन बसायचं.

व्हॉलीबॉलमध्ये कच्चा खेळाडू लपवता येत नाही. जागा फिरत राहतात आणि प्रत्येकावर सर्व्हिसची पाळी येतेच. त्या रविवारी गेम अटीतटीचा असताना माझी आली. मी मागच्या रेषेवर गेलो, डोळे मिटले आणि मूठ मारली. डोळे उघडले तेव्हा पुढे नेटपाशी कप्तान डोकं चोळत होता. मी चष्मा पुसू लागलो.

कप्तान चेंडू काखेत घेऊन सावकाश माझ्यापर्यंत चालत आला.

“क्या रे हौले, येड्या,” तो म्हणाला, “दुश्मन तिकडं हाय. मी काय वाकडं केलं तुझं?”

जाड्या खालीच बसला. कारकून नेटला लटकून हसत होता. समोरच्या संघाने पॉइंट घेतला आणि तेही हसत सुटले. मी इतका हसलो की चष्मा पडला, मग तो शोधताना कुणाचा पाय त्यावर पडेल म्हणून सगळे एका पायावर उभे. नंतर माझी पाळी पुन्हा आली, तेव्हा पाचही जणांनी दोन्ही हात डोक्यामागे धरले आणि खाली वाकले. ते बघून पलीकडच्यांना हसू आवरेना. माझी सर्व्हिस त्यांच्या मधोमध टप्पा खाऊन गेली. गेम आम्ही जिंकलो. पुढची कित्येक वर्षं मी सर्व्हिसला गेलो की संघ डोकं धरून वाकायचा, आणि मी त्यांच्या घराण्यांविषयी जे बोलायचो ते वर्गात कधी बोललो नाही.

गेल्या वर्षी कप्तान गेला. तेराव्याला त्याच्या घरी आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. मी फोटोला फूल वाहायला उठलो, हात वर केला, आणि मागे खुसखुस ऐकू आली. वळून पाहिलं तर जाड्याने दोन्ही हात डोक्यामागे धरले होते. मग कारकुनाने धरले. मग उरलेल्या दोघांनी.

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, “भाऊजी, जरा जपून. फोटोला काच आहे.”

आता आम्ही पाच जण आहोत. नेट जाड्याच्या घरी आहे. मला कुणी सर म्हणत नाही.